टिपणीस सरांच्या सहा गोळ्या

बंदुकीच्या दुकानात बाई बसलेली दिसली की नवीन गिऱ्हाईक दोन पावलं मागे जाऊन पुन्हा पाटी वाचायचं. पाटी बरोबरच असायची. मग आत येऊन विचारायचं, "साहेब कुठेत?"

"साहेब पोस्टात आहेत, चारला सुटतात. बंदुकीचं माझ्याशी बोला."

पेणच्या बाजारात मी हे वाक्य छत्तीस वर्षं बोलले. दुकान माझ्या सासऱ्यांचं. त्यांना मुलगा एकच, आणि आमचे हे असे की लवंगी फटाका वाजला तरी कानात बोटं घालून स्वयंपाकघरात यायचे. सासऱ्यांनी वर्षभर त्यांना दुकानात बसवून पाहिलं आणि मग एक दिवस मला म्हणाले, "सूनबाई, तुझा हात भाकरी थापताना थरथरत नाही. उद्यापासून तू ये." तेवढ्या एका गुणावर माझी नेमणूक झाली.

लोकांना वाटतं, बंदुकीच्या दुकानात सिनेमातल्यासारखी माणसं येत असतील. तसं काही नसतं. निम्मा धंदा कागदांचा आणि उरलेला तेलपाण्याचा. डोंगरकडेचे शेतकरी यायचे, भातात घुसणाऱ्या डुकरांसाठी ठासणीची बंदूक घेऊन. कंपन्यांचे वॉचमन यायचे. धाटावच्या एका कंपनीतला वॉचमन आपली बारा बोअरची घेऊन आला, म्हणे नळीतून पलीकडचं दिसत नाही. आमच्या मिस्त्रीने गज घातला तर आतून माती पडली. कुंभारमाशीने नळीत घर बांधलं होतं, एकामागे एक अशा पाच खोल्या. हा गृहस्थ दोन वर्षं ती बंदूक खांद्याला लावून गेटावर ताठ उभा होता.

"मॅडम, कंपनीत सांगू नका," तो म्हणाला.

"नाही सांगत. पण सलाम जरा हळू ठोकत जा, आत पिल्लं होती."

डोलवीच्या बाजूचा एक ठेकेदार आला होता. त्याला "मोठ्यातली मोठी" रिव्हॉल्व्हर हवी होती. मी त्याला सांगितलं की परवाना मिळाला तरी ती लोकांना दाखवत फिरता येत नाही. तो विचारात पडला. "दाखवायची नाय? मंग घ्यायची कशाला?" असं म्हणून तो जो गेला तो पुन्हा आला नाही. माझ्या मते आमच्या दुकानात आलेला सगळ्यात शहाणा माणूस तो.

पण सांगायचं आहे ते टिपणीस सरांबद्दल. दुकानाच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट.

माझं माहेर रोह्याचं. टिपणीस सर मला नववीत मराठी शिकवायला होते. तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागलेले, सडपातळ, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली. त्यांचं घराणं जुन्या खोतांचं. दरवर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात ते आपल्या आजोबांची गोष्ट सांगायचे. गोठ्यात बिबट्या शिरला, बैलांनी हंबरडा फोडला, आजोबा एका हातात कंदील आणि एका हातात रिव्हॉल्व्हर घेऊन आत गेले आणि वीस पावलांवरून एका गोळीत त्यांनी बिबट्याला आडवा केला, दोन डोळ्यांच्या बरोबर मध्ये. शेवटी सर बोटाने स्वतःच्या कपाळावर टिचकी मारायचे आणि सगळी शाळा श्वास रोखायची. मला बंदुकवाल्यांचं स्थळ सांगून आलं तेव्हा आई घाबरली होती. मी हो म्हटलं, त्यात त्या टिचकीचाही थोडा वाटा होता.

तर हे सर, आता चौऱ्याहत्तर वर्षांचे, एका सकाळी रोह्याहून एस.टी.ने दुकानात आले. बरोबर त्यांची मोठी बहीण, आक्का. आक्का सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. लग्न केलं नाही, सरांची बायको गेल्यापासून भावाचं घर त्याच बघतात. सरांनी पिशवीतून एक चकलीचा डबा काढून काचेवर ठेवला. डब्यात फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर आणि हिरवट पडलेली दहा-अकरा काडतुसं.

"मालती, हेच ते," सर म्हणाले. शाळेतल्या आवाजात म्हणाले. मी उठून उभीच राहिले.

सरांचा परवाना चार महिन्यांनी संपणार होता. नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो आणि सरांचा उजवा हात अलीकडे कापायला लागला होता. डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी. त्याने दाखला द्यायला नकार दिला. "सर, खोटं लिहायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत," असं म्हणून वर रडलासुद्धा. तेव्हा सरांनी ठरवलं की रिव्हॉल्व्हर रोह्याच्या पोलीस ठाण्यात कायमचं जमा करायचं.

"पण त्याआधी मला ते एकदा चालवायचं आहे," सर म्हणाले. "सहाच्या सहा गोळ्या. चाळीस वर्षं परवाना माझ्या नावावर आहे आणि मी एकदाही चाप ओढलेला नाही. तो आवाज कसा होता ते तरी कळू दे."

"आवाज ठॉ असाच असणार," आक्का म्हणाल्या. "म्हातारपणी डोहाळे लागलेत. तू नाही म्हण गो, मालते."

मी नाहीच म्हणायला हवं होतं. पण माझ्यासमोर सर उभे होते.

चाचणीचा परवाना दुकानाला होता, काडतुसं भरायचा सासऱ्यांच्या काळापासूनचा परवानाही होता, आणि खारेपाटात आमच्या मालकीच्या जागेत मातीच्या बांधाआड वाळूच्या गोण्यांची भिंत होती. ठाण्याला आगाऊ कळवून सगळं कायद्यात बसवता येत होतं. प्रश्न होता तो त्या वस्तूचा.

ते होतं पॉइंट चारशे पंचावन्नचं. म्हणजे गोळी जवळजवळ माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. असल्या रिव्हॉल्व्हरची नळी मूळची वीतभर असते. ही चार बोटंच उरली होती. कुणीतरी करवतीने कापली होती, आणि तीही तिरकी. नेम धरायला नळीच्या टोकावर जी बारीक माशी असते ती कापलेल्या तुकड्याबरोबर गेली होती. मी भिंग लावून टोक पाहिलं आणि मला कळलं. अशा नळीतून सुटलेली गोळी वीस पावलांवर बिबट्याच्या कपाळात जाणं शक्य नव्हतं. वीस पावलांवरच्या बैलगाडीला लागली असती तरी नशीब.

"कापली कुणी ही?" मी विचारलं.

"आजोबांनीच. झटकन बाहेर काढता यावी म्हणून," सर अभिमानाने म्हणाले.

आक्का खिडकीतून बाहेर बघत होत्या.

धंद्यात मी गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलले नाही. त्या दिवशी खरं मात्र बोलले नाही.

आमचा मिस्त्री हिराजी गडब गावचा. सासऱ्यांच्या हाताखाली तयार झालेला, साठीचा माणूस, आणि लोखंडाशी बोलणारा. त्याने यंत्र पूर्ण खोललं, तेलात ठेवलं, चिरा तपासल्या. "वैनी, म्हातारी मजबूत हाय," त्याने निकाल दिला. "पन हिच्या पोटात काय घालायचं ता इचार करून घाला."

आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगते. काडतूस म्हणजे पितळेचं कवच. त्याच्या बुडाला टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. सरांची जुनी काडतुसं मेलेली होती आणि या मापाची नवी बाजारात मिळत नाहीत. म्हणून जुनी उकलून, जी कवचं धड होती ती साफ करून, त्यात नवी टोपी, नवी दारू आणि घरी ओतलेली शिशाची गोळी घालायची. ऐकायला करंजी भरण्यासारखं वाटतं. फरक इतकाच की सारण जास्त झालं तर करंजी तेलात फुटते आणि हे हातात.

गोळीचं शिसं फार मऊ असलं तर नळीच्या आतल्या चऱ्यांना ते लोण्यासारखं फासतं. फार कडक असलं तर चऱ्यांना नीट धरत नाही. दारूचंही तसंच. लांब नळीत दारूला जळायला वेळ मिळतो. आखूड नळीत संथ दारू घातली तर निम्मी बाहेर येऊन जळते; गोळी राहते बाजूला आणि दिवाळी होते. म्हणून चटकन पेटणारी हवी. पण चटकन पेटणारी जरा जास्त पडली तर म्हातारीचं पोट फुटणार. छत्तीस वर्षांत माझ्या दुकानातून गेलेल्या मालाने कुणाचं नखही तुटलं नव्हतं, आणि आता पहिलं बोट तुटलंच तर ते टिपणीस सरांचं असणार, या विचाराने मला जेवण जाईना.

मऊ शिसं मिळवायला मी मासळीबाजारात गेले. जाळ्याला खाली जी शिशाची वजनं असतात ती मऊ असतात. वजनं विकणाऱ्या म्हातारीने मला आपादमस्तक न्याहाळलं. "कंचा जाला इनतंस गो बाय?"

"आमच्या मास्तरांना हवंय."

"मास्तर मासं धरतान?"

"बिबट्या धरतात," मी म्हटलं आणि पिशवी उचलली.

कडक शिसं हिराजीने हायवेवरच्या टायरवाल्याकडून आणलं. गाडीच्या चाकाचा तोल साधायला रिंगेवर जे तुकडे ठोकतात, ते. दोन्ही वेगवेगळं वितळवून त्याने साच्यात गोळ्या ओतल्या, नखाने ओरखडून पाहिल्या, आणि शेवटी दोन्ही मिसळून तिसरा घाणा काढला.

दारू पुण्याहून परवान्यावर मागवावी लागली. ती आल्याचं कळवायला मी सरांना फोन केला. सरांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन मोठ्या आवाजावर ठेवतात, हे मला माहीत नव्हतं. आणि त्या वेळी ते रोह्यात वाचनालयाच्या समितीच्या बैठकीत बसलेले होते, हेही.

"सर, तुमची दारू पुण्याहून आली," मी सुरुवात केली. "तुम्हाला संथ चालणार नाही, झटकन पेटणारी लागेल. मी थोडी थोडी देऊन बघणार आहे. पण प्रमाण मी ठरवीन, तुम्ही हट्ट करायचा नाही. आणि आक्कांना बरोबर घेऊन या, नंतर तुम्हाला धरायला कुणीतरी लागेल."

मग एक अनोळखी, फार गंभीर आवाज आला, "बाई, सर सध्या मीटिंगमध्ये आहेत."

नंतर कळलं, अध्यक्षांनी त्या दिवशी सरांना घरापर्यंत सोडलं आणि वाटेत व्यसनमुक्तीवर दोन शब्द सांगितले. सरांनी खुलासा केला, "अहो, ती दारू नव्हे, रिव्हॉल्व्हरची." त्यावर अध्यक्षांचा चेहरा आणखीच उतरला म्हणे.

सर येण्याआधी मी आणि हिराजीने खारेपाटात चाचणी घेतली. रिव्हॉल्व्हर एका जुन्या टायरमध्ये आवळून बांधलं, चापाला सुतळी लावली आणि आम्ही दोघं बांधाच्या मागे आडवे झालो. पहिल्या काडतुसात मी भीतीपोटी दारू अगदीच कमी घातली. सुतळी ओढली. फुस्स. कुत्रं शिंकल्यासारखा आवाज.

"झाला?" हिराजीने विचारलं.

"झाला."

जाऊन बघतो तर गोळी नळीतच अर्ध्यावर अडकलेली. हा प्रकार हसण्यासारखा दिसतो, पण आमच्या धंद्यात याच्याइतकं भयंकर काही नाही. तिच्या मागून दुसरी गोळी सुटली असती तर नळीच फुटली असती. सरांच्या हातात हे झालं असतं, आवाज झाला नाही म्हणून त्यांनी पुन्हा चाप ओढला असता, हे मनात आलं आणि मी तिथेच मातीत बसले. हिराजीने लाकडी दांड्याने गोळी मागे ढकलून काढली, मला पाणी दिलं आणि म्हणाला, "वैनी, घाबरून दारू घालायची नाय. मापानं घालायची."

दुसऱ्या खेपेला त्याच्या आग्रहाखातर दुकानातली एक संथ दारू घालून पाहिली, बेताने. हातभर जाळ आला, टायरला धग लागली आणि बांधावरचे बगळे समोरच्या गावात गेले. मऊ गोळीने नळीत शिशाचा मुलामा दिला तो वेगळाच. "ही गणपती इसर्जनाला चांगली," हिराजी म्हणाला. तिसऱ्या खेपेला मिश्र शिशाची गोळी आणि पुण्याची चटकन पेटणारी दारू, मापात. ठॉ असा भरीव आवाज आला. गोळी वाळूत स्वच्छ रुतली होती. फक्त जिथे नेम धरला होता तिथून दीड हात डावीकडे. तेच काडतूस आणखी पाच वेळा भरून पाहिलं, पाचही डावीकडे. मग सरांसाठी सहा भरली, एकेक काट्यावर दोनदा तोलून.

सर आले ते पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट आणि पायात बूट घालून. आक्का छत्री उघडून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. आम्ही सरांना टेबलाशी बसवलं, पुढे वाळूची पिशवी ठेवली, दोन्ही हात तिच्यावर टेकवायला लावले, कानात कापूस घातला. दहा पावलांवर हिराजीने दाराएवढी फळी उभी केली होती.

"वीसवर ठेव," सर म्हणाले. "आजोबांनी वीसवरून मारला."

"सर, आधी दहावरून बघू."

पहिला बार झाला. रिव्हॉल्व्हर वर उसळलं, सर खुर्चीसकट थोडे मागे आले. पांढऱ्या धुरात त्यांचा चेहरा नववीच्या वर्गातल्यासारखा उजळला होता. "हाच!" ते ओरडले. "मालती, हाच तो आवाज!"

फळीला काही लागलं नव्हतं. दुसरी गोळी, तिसरी, चौथी. मी हळूच म्हटलं, "सर, जरा उजवीकडे धरा." सरांनी उजवीकडे धरलं, हात कापला, गोळी वरून गेली. सहावी फळीच्या बाजूच्या गोणीत शिरली आणि गोणी सावकाश वाळू गाळू लागली.

सरांनी कापूस काढला. फळीपर्यंत चालत गेले, तिच्यावरून हात फिरवला. एक ओरखडा नव्हता. परत येऊन खुर्चीत बसले आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

"सहातली एक नाही," ते म्हणाले. "दहा पावलांवरून. तेही बसून, भर उजेडात. आजोबांनी अंधाऱ्या गोठ्यात, एका हातात कंदील धरून... मालती, माझा काही उपयोग राहिलेला नाही गं. हात गेला, सगळंच गेलं." आणि मग एकदम, "आणखी सहा भर. लागेपर्यंत मी इथून हलणार नाही."

मी तोंड उघडलं. नळी तिरकी आहे हे सांगायची वेळ आली होती. पण माझ्या आधी आक्कांनी छत्री मिटली.

"अण्णा, आजोबांनी बिबट्या मारलाच नाही."

सरांनी कानामागे हात धरला.

"मला आजीने सांगितलं होतं. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती, म्हणून गप्प होते. आजोबांनी डोळे मिटून सहाच्या सहा झाडल्या. एक कौलाला, एक पाण्याच्या रांजणाला, एक बैलाच्या शिंगाला. उरलेल्या कुठं गेल्या ते देवाला ठाऊक. बिबट्या बिचारा गव्हाणीखाली बसला होता, बाहेर यायला घाबरत होता. शेवटी आजीने मागचं दार उघडलं, परात बडवली, तेव्हा तो पळाला."

"आणि नळी? झटकन काढता यावी म्हणून..."

"जेवायला बसलं की पोटात टोचायची म्हणून लोहाराकडून कापून घेतली."

"पण कातडं, आक्का? ओसरीवरचं कातडं! मी लहानपणी त्यावर बसलोय."

"मुंबईहून विकत आणलेलं. अरे, त्याला मागून हिरवं मखमल शिवलेलं होतं. आपल्या गोठ्यातल्या बिबट्याला अस्तर होतं काय रे?"

हिराजीने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मी ओठ घट्ट दाबून धरले होते. सरांचा चेहरा मात्र पांढरा पडला. "तीस वर्षं," ते म्हणाले, "तीस वर्षं मी मुलांना खोटं सांगितलं."

"तू नाही. तुला जे सांगितलं ते तू सांगितलंस. खोटं मी बोलले, गप्प राहून," आक्का म्हणाल्या. "आज तू हाताकडे असा बघत बसलास, मला बघवेना."

मग मीही सांगून टाकलं. नळी तिरकी आहे, गोळी डावीकडे जाते, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. गृहपाठ न केल्यावर जसं बघायचे तसं, आणि मला खरंच खाली बघावं लागलं.

मग सरांनी आक्कांकडे वळून विचारलं, "बैलाच्या शिंगाला म्हणालीस?"

"टोकच उडालं. नंतर त्या बैलाचं नाव तुटक्या पडलं."

सरांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. हसता हसता खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, आक्कांनी पाठीवर थापट्या मारल्या. "म्हणजे," ते दम घेत म्हणाले, "माझ्या गोळ्यांनी निदान कुणाचं शिंग तरी उडालं नाही!"

पुढच्या स्नेहसंमेलनात सरांनी स्टेजवर उभं राहून खरी गोष्ट सांगितली, अस्तरासकट. मी गेले होते. मुलं बाकांवरून खाली पडायचीच बाकी राहिली. परात बडवणाऱ्या आजीला तर टाळ्या थांबेनात.

रिव्हॉल्व्हर जमा करायला मीही रोह्याला त्यांच्याबरोबर ठाण्यात गेले. माझ्या दुकानाच्या हातून गेलेली ती शेवटची वस्तू. त्यानंतर महिन्याभरात मी शटर ओढलं. दुकान चालवायला घरात पुढे कुणी नव्हतं, आणि हिराजीसारखा माणूस पुन्हा मिळाला नसता. याचं वाईट वाटतं, नाही असं नाही.

हवालदार तरुण होता. त्याने अर्ज पुढे ओढला, क्रमांक लिहिला, नाव लिहिलं. सरांनी त्याचे दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले. मग तो एका रकान्याशी थांबला.

"सर, शस्त्र जमा करण्याचं कारण काय लिहू?"

सरांनी चष्मा नीट केला. "लिहा. नेम लागत नाही. पूर्णविराम. हा दोष वंशपरंपरागत आहे."

हवालदाराने मान खाली घालून जसंच्या तसं लिहायला घेतलं. आक्का त्याच्या खांद्यावरून वाकून वाचत होत्या. त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"पुढं कंसात घाल रे," त्या म्हणाल्या. "फक्त पुरुषांकडून."